पोर्शन संपवणारे शिळीमकर सर

शिळीमकर सर गेले, त्यानंतर आठवड्याभरानं त्यांच्या शाळेत शोकसभा झाली. मार्गासनी सोडून वेल्ह्याच्या रस्त्याला लागलं की थोडं आत त्यांची शाळा आहे. पत्र्याच्या लांबलचक शेडमध्ये खुर्च्या मांडल्या होत्या, टेबलावर हार घातलेला फोटो होता. संस्थेचे अध्यक्ष बोलले, सरपंच बोलले, दोन माजी विद्यार्थी बोलले, आणि सगळे फिरून फिरून एकच बोलले. शिळीमकर सरांचा पोर्शन दिवाळीआधी संपायचा. अध्यक्ष तर म्हणाले, "असा मानूस तालुक्यात परत व्हनार न्हाई. दिवाळीच्या आदी पोर्शन खलास, मंग नुसती उजळणी." लोकांनी माना हलवल्या. मी मागच्या रांगेत बसले होते आणि मला सारखं वाटत होतं, की फोटोतल्या माणसाच्या कानावर हे जाऊ नये.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं, हे मला मान्य आहे. पण चांगलं म्हणजे नेमकं कुठलं, हे त्याला जिवंतपणी कुणीतरी विचारून ठेवायला हवं होतं. मला बोलायला कुणी सांगितलं नाही. मी तिथली कोणीच नव्हते, सरांची फक्त बीएडची वर्गमैत्रीण. म्हणून आता लिहिते आहे.

आमचं बीएड कॉलेज नसरापूरजवळ एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर होतं. खाली लग्नं लागायची आणि वर आम्ही शैक्षणिक मानसशास्त्र शिकायचो. लग्नसराईत मानसशास्त्राचं पार वाटोळं व्हायचं. खाली बँडवाले सुरू झाले की फळ्यावर लिहिलेलं वाचायचं आणि बोललेलं सोडून द्यायचं, अशी आमची पद्धत होती. तेव्हा कोर्स नुकताच एका वर्षाचा दोन वर्षांचा झाला होता. त्यात दोन अध्यापन पद्धती, सूक्ष्मपाठ, सराव पाठ, पाठाआधी लिहायची टाचणं, आणि शेवटी एखाद्या शाळेत जाऊन काही महिने राबायची आंतरवासिता. एवढं सगळं केलं की तुम्ही हायस्कूलला शिकवायला लायक. बीएड करणाऱ्याला बीएडबद्दल फारसा आदर नसतो. मलाही नव्हता. लोक रेशनकार्ड काढून ठेवतात तशी मी पदवी काढून ठेवायला आले होते.

सर नाइलाजानं आले होते. बीएस्सी झाल्या झाल्या गावाजवळच्या विनाअनुदानित शाळेत लागलेले, पंधरा-सोळा वर्षं विज्ञान आणि गणित शिकवत होते. शाळेला अनुदान मिळायची वेळ आली तेव्हा कागदावर दिसलं की यांच्याकडं बीएड नाही, आणि बीएड नाही म्हणजे सरकारच्या लेखी हे शिक्षकच नाहीत. संस्थेनं सांगितलं, दोन वर्षं जाऊन पदवी घेऊन या, जागा धरून ठेवतो. त्यामुळं चाळिशीला टेकलेला माणूस बाविशीच्या पोरापोरींमध्ये पहिल्या बाकावर येऊन बसला.

उंच, किडकिडीत, मानेतून थोडे वाकलेले. शर्टाच्या खिशात कायम खडू, त्यामुळं खिशाचा तळ पांढरा पडलेला. कॉलेजात खडूंचं खोकं भरलेलं असायचं, तरी हे खडू घरून आणायचे. मला वाटतं, तो खडू म्हणजे त्यांची अब्रू होती. आम्हा सगळ्यांना ते सर आणि मॅडम म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला "धुमाळ मॅडम" अशी हाक मारली तेव्हा मी मागं वळून बघितलं, कोण मॅडम आल्या म्हणून. तास संपला की फळा पुसायचं काम कुणी न सांगता यांचं. डबा उघडला की आधी सगळ्यांपुढं फिरवायचा. तिखट असायचा. आम्ही नको म्हणायचो आणि तरी घ्यायचो.

खालच्या लग्नात जेवायला मात्र ते कधी यायचे नाहीत. आम्ही जायचो. भोरचा एक मिशीवाला वर्गमित्र तर वरपक्षाकडचा असल्यासारखा पंगतीत वाढायलाही उभा राहायचा. सर म्हणायचे, "आमंत्रान न्हाई, अक्षता न्हाई, कुठं जाताय?" एकदाच खाली आले, तेही ओढून आणले म्हणून. नवरदेव त्यांचा विद्यार्थी निघाला. बाशिंग सावरत स्टेजवरून उतरला आणि भर मांडवात सरांच्या पाया पडला. सरांनी विचारलं, "काय करतूस?" तो म्हणाला, "टेम्पो हाय सर, सोताचा." आणि आम्हाला उद्देशून म्हणाला, "आमच्या सरांचा पोर्शन दिवाळीच्या आदी संपायचा. लई फास्ट." सर लाजल्यासारखे हसले. पण वर आल्यावर दिवसभर त्यांचा चेहरा उजळलेला होता. त्या वेळी त्यांना स्वतःबद्दल अभिमान वाटावा अशी ती एकच गोष्ट होती आणि ती आम्हा सगळ्यांसमोर कुणीतरी बोलून दाखवली होती.

मग सूक्ष्मपाठ सुरू झाले. सूक्ष्मपाठ म्हणजे पाच-सहा मिनिटांचा लुटुपुटीचा पाठ. एकानं शिक्षक व्हायचं, बाकीच्यांनी आठवीतली मुलं. एका पाठात एकच कौशल्य दाखवायचं. कुणी मुलांना शाबासकी देण्याचं घ्यायचं, मग चुकीच्या उत्तरालाही "शाब्बास" म्हणायचं आणि आम्ही हसायचो. मिशीवाला दर पाठात "बाई, बाहेर जाऊ का?" म्हणून करंगळी दाखवायचा. सर विद्यार्थी म्हणून कुचकामी होते. सगळी उत्तरं बरोबर द्यायचे. शिकवणारीला चुकीचं उत्तर हवं असायचं, सुधारून दाखवायला, आणि हे उठून व्याख्येसकट बरोबर सांगायचे.

विज्ञानाची पद्धत आम्हाला मुलाणी मॅडम शिकवायच्या. त्या रोज भोरवरून एसटीनं यायच्या. आवाज कधी चढवायच्या नाहीत. त्या मागच्या बाकावर बसायच्या, आणि कुणी घाई करायला लागलं की एसटीला हात करावा तसा तळवा जरासा वर करायच्या. प्रश्न विचारण्याचं कौशल्य सरांच्या वाट्याला आलं. त्याचा नियम सोपा होता. प्रश्न विचारायचा, थांबायचं, मग एकाला उठवायचं आणि परत थांबायचं. सरांना थांबता येईना. ते विचारायचे, "पाणी उकळताना तळाशी बुडबुडे का येतात?" आणि त्याच श्वासात उत्तर सांगून टाकायचे.

मॅडमनी विचारलं, "शिळीमकर, प्रश्न कुणाला विचारला होता?"

"मुलांना."

"मग उत्तर तुम्ही का दिलं?"

"वेळ जातो मॅडम."

"कुणाचा?"

सरांना पाठ परत घ्यायला लागला. परत तेच. एखाद्याला उठवलं आणि त्याला पटकन आलं नाही की सरांच्या तोंडून आपोआप निघायचं, "बस खाली. पुढं." पंधरा वर्षांची सवय होती ती. त्याच्यावरच तर पोर्शन दिवाळीआधी संपायचा. मॅडमचा तळवा मागं वर जायचा आणि सर ओशाळून गप्प व्हायचे. बाकीच्यांचे पाठ पहिल्या-दुसऱ्या खेपेला झाले, सरांचा होईना. आम्हाला वाईट वाटायचं आणि थोडी गंमतही वाटायची, हे खोटं कशाला बोलू. घरी त्यांनी बायकोवर सराव केला. प्रश्न विचारला आणि थांबले. ती म्हणाली, "बोला की आता, नुसतं तोंडाकडं काय बघताय?" हे त्यांनी आम्हाला स्वतःच सांगितलं.

शेवटी त्यांना एक युक्ती सापडली. प्रश्न विचारला की चष्मा काढायचा आणि शर्टाच्या टोकानं पुसायचा. चष्मा डोळ्यांवर नसला की समोरचं धूसर दिसायचं, मग घाई होत नाही म्हणायचे. दोन्ही काचा पुसून चष्मा परत नाकावर चढेपर्यंत गप्प बसता यायचं. मॅडमनी ते बघितलं आणि पाठ झाला म्हणून सही केली.

पुढं सराव पाठ, म्हणजे खऱ्या शाळेत खऱ्या मुलांसमोर. विज्ञानाचा आमचा गट सरांच्याच शाळेत गेला, कारण वेल्ह्याकडच्या बाकीच्या शाळांनी त्या महिन्यात नाही म्हटलं. सर आदल्या दिवसापासून खुशीत होते. वर्ग नववीचा होता, आणि ती मुलं आठवीत सरांच्याच हाताखाली होती. मुलांना आधी कळेना की आपलेच सर आपल्यासमोर परीक्षा द्यायला का उभे आहेत. मुलाणी मॅडम मागच्या बाकावर, शेजारी आम्ही चार-पाच जण निरीक्षणाला.

सरांनी प्रश्न चांगला काढला होता. "थांबलेली एसटी एकदम सुटली, की आपण मागं का जातो?" रोज एसटीनं येणारी मुलं होती ती. प्रश्न विचारून सर थांबले. मग पहिल्या बाकावरच्या मुलीकडं बोट केलं, चष्मा काढला आणि पुसायला लागले.

मुलगी उठली. सरांकडं बघितलं. क्षणभर उभी राहिली आणि आपली आपण खाली बसली. ती बसली तशी तिच्या शेजारची उठली, उभी राहिली, बसली. मग मागच्या बाकावरचा मुलगा उठला आणि बसला. त्याच्या शेजारचा. मग पुढचा बाक. कुणी काही बोलत नव्हतं, कुणी हसत नव्हतं. नुसता बाकांचा आवाज येत होता. मुलं खोडी काढत नव्हती. त्यांना वाटत होतं, हे असंच असतं. सर विचारतात, आपण उठायचं, थोडं थांबायचं आणि बसायचं, मग पुढचा. फक्त सर आज "बस खाली" म्हणायचं विसरले आहेत, एवढंच.

आधी आमच्यातलं कुणीतरी हसलं. मग हसू थांबलं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. सरांनी चष्मा कधी घातला ते मला कळलं नाही, पण घातला होता आणि ते बघत होते. शेवटच्या बाकावरचा मुलगा उठला, आजूबाजूला कुणी उरलेलं नाही हे बघितलं आणि बसला. सगळा वर्ग उठून बसला होता आणि एका मुलाच्याही तोंडून अक्षर निघालं नव्हतं. सर म्हणाले, "मॅडम, माझा पाठ आज होत न्हाई." आणि व्हरांड्यात गेले.

मुलाणी मॅडम त्यांच्या मागोमाग गेल्या. मी पाण्याची बाटली घेऊन गेले. सर खांबाला टेकून उभे होते. म्हणाले, "मॅडम, ह्यांना हे कुनी शिकवलं?"

मॅडमनी विचारलं, "कुणी शिकवलं?"

सरांनी मागं वळून वर्गाकडं बघितलं आणि म्हणाले, "म्याच."

मॅडम त्यांना समजावायला गेल्या नाहीत. "चहा घेऊ, मग परत घ्या पाठ," एवढंच म्हणाल्या. परत घेतलेला पाठ काही फार बरा झाला नाही. पण परतीच्या वाटेवर जीपमध्ये सर माझ्या शेजारी बसले होते, तेव्हा म्हणाले, "त्या दिवशीचा नवरदेव आठवतोय का? तीन वर्षं माझ्या वर्गात व्हता. त्याचा आवाज म्या पयल्यांदा मांडवात ऐकला." त्या दिवसापर्यंत मला बीएड म्हणजे दोन वर्षांची हमाली वाटत होती. त्यातली प्रश्न विचारून थांबायची एक अट एखाद्या माणसाला इतकी लागू शकते, असं कधी मनात आलं नव्हतं. आमच्या वर्गात ती अट मनावर घेणारा माणूस तो एकटाच.

नंतरचं दीड वर्ष सर बीएडला असे भिडले, की आम्हाला त्यांचा वैताग यायचा. खाली बँड वाजत असला तरी हे मुलाणी मॅडमना शंका विचारायचे. आंतरवासितेतही त्यांनी हट्टानं आपलीच शाळा मागून घेतली. एकदा कॉलेजात आले ते जिना चढतानाच सांगत आले, "मॅडम, आज एक पोरगी बोलली. उठली, थांबली आन् म्हनली, न्हाई येत सर. तोंडानं म्हनली." मिशीवाला म्हणाला, "अहो, पण उत्तर आलंच नाही की." सर म्हणाले, "ते येतंय. थांबलं की येतंय." हे मग त्यांचं पालुपदच झालं. एसटी उशिरा आली तरी थांबलं की येतंय, निकाल लांबला तरी थांबलं की येतंय.

पदवी मिळाली, मान्यता आली, सर आपल्या शाळेत पक्के झाले. मी नसरापूरजवळच्या शाळेत लागले. रविवारी ते बाजाराला यायचे तेव्हा स्टँडवर भेट व्हायची. पक्के झाल्यावरच्या त्या पहिल्या दोन वर्षांतल्या सरांइतका सुखी माणूस मी फारसा बघितलेला नाही. भाजीची पिशवी पायाशी ठेवायचे आणि वर्गातलं सांगत सुटायचे. माझी एसटी निघून जायची.

त्यातलं गंजाचं प्रकरण मला पाठ आहे. नववीच्या वर्गात कुणीतरी विचारलं, शाळेचा पत्रा गंजतो आणि घरातलं ताट का गंजत नाही? पूर्वीचे सर असते तर दोन ओळींत उत्तर सांगून पुढं गेले असते. या सरांनी मुलांना घरून खिळे आणायला सांगितले. नदीचं पाणी, हापशाचं पाणी, उकळून वर तेल सोडलेलं पाणी, सगळ्यांत खिळे. खिडकीत बाटल्यांची रांग लागली. तेव्हा मनीषा नावाची एक मुलगी उठून म्हणाली, "सर, आमच्या कनगीत भाताबरूबर खिळा पडला व्हता. वरीसभर व्हता, पर गंजला न्हाई." सर म्हणाले, "का न्हाई?" आणि चष्मा पुसायला लागले. मनीषानं स्वतःच शोधून काढलं की भात कोरडा असतो, ओल नसली की गंज नाही. त्या एका गंजावर चार तास गेले. मला सांगताना सरांचे डोळे भरून आले होते.

ही मनीषा वरच्या वाडीतली होती, शाळेत यायला डोंगर उतरून यायची. नववी-दहावीत वर्गात सगळ्यात जास्त बोलणारी तीच. एक दिवस तिनं सरांना विचारलं, "सर, तुमच्यावानी व्हायला काय काय लागतं?" सरांनी तिला सगळं नीट सांगितलं. दहावी, बारावी, मग बीएस्सी, मग प्रवेशाची परीक्षा, मग दोन वर्षं बीएड, त्यात सूक्ष्मपाठ, सराव पाठ, मग पुन्हा पात्रतेची परीक्षा. ती म्हणाली, "लई हाय की." सर म्हणाले, "म्या म्हातारपनी केलं, तुला काय धाड भरलीय?" मला हे सांगून वर म्हणाले, "मॅडम, ही पोरगी बीएडला आली ना, तर मुलाणी मॅडम खूश व्हतील बगा. हिला थांबायला शिकवायचीपन गरज न्हाई." त्या दिवसापासून सरांनी मनात धरलं होतं, की मनीषाला शिक्षक करायचं.

पण बोर्डाचा पेपर कुणासाठी थांबत नाही. मनीषाच्या वर्गाचा पोर्शन दहावीच्या दिवाळीपर्यंत निम्मासुद्धा झाला नव्हता. जानेवारीत सरांनी जादा तास घेतले, रविवारी बोलावलं, तरी शेवटचे धडे तसेच राहिले. निकाल लागला तेव्हा त्या शाळेतली बरीच मुलं विज्ञानात आणि गणितात गेली होती. पूर्वी असं कधी झालं नव्हतं. मनीषाही नापास. सर म्हणाले, "मला म्हाईत हाय तिनं काय केलं असनार. जे येत व्हतं त्याच्यावर दोन दोन पानं लिहिली असनार आन् बाकीचं कोरं सोडलं असनार."

मनीषाच्या घरी जाऊ या, असा त्यांचा फोन आला. मुलीच्या घरी जायचंय, एखादी बाई बरोबर असलेली बरी, म्हणून मला बोलावलं. वाडीपर्यंत चढ चांगलाच होता. सर पुढं आणि मी मागं. तिच्या वडिलांनी ओसरीवर पोतं टाकलं, चहा दिला, आणि काही वाईटवंगाळ बोलले नाहीत. सरांनी सांगितलं, जुलैमध्ये परत परीक्षा असते, दोनच विषय आहेत, मी रोज येऊन शिकवतो. वडील म्हणाले, "तिची मावशी कात्रजला हाय. तिला ल्हान पोरं हायेत. तिकडं लावून द्यायचं ठरलंय."

मनीषा दारात उभी होती. सर तिच्याकडं वळले आणि विचारलं, "मनीषा, तुला काय वाटतं?"

आणि ते थांबले. चांगलेच थांबले. चष्मा काढला नाही, तिच्याकडं बघत राहिले. मी पण बघत होते. तिचे ओठ हलल्यासारखे वाटले. मग तिनं वडिलांकडं बघितलं आणि आत निघून गेली.

वडील म्हणाले, "सर, तुमच्याबद्दल माझं काय बी म्हननं न्हाई. पर आदीच्या पोरी पास व्हत व्हत्या. आमची थोरलीबी तुमच्याच हाताखाली व्हती. शाळंत तिचं तोंड कुनी बगितलं न्हाई, पर पास झाली. आज आंगनवाडीत हाय."

सरांनी चहाचा कप खाली ठेवला. नमस्कार केला. आम्ही उतरायला लागलो. पायथ्याच्या ओढ्यापाशी ते थांबले आणि म्हणाले, "मॅडम, दहावी ही पयली अट हाय हो. त्याच्या म्होरलं समदं म्या तिला सांगितलं, आन् पयलीच राहिली." मग थोड्या वेळानं म्हणाले, "आदी गप्प बसवून पोरं घालवली. आता बोलती करून घालवली."

मी म्हणाले, असं नसतं सर. पेपर काढणाऱ्यांचा दोष आहे, एवढ्या मोठ्या अभ्यासक्रमाचा दोष आहे. माझं बोलणं खरं होतं, तरी त्या ओढ्यापाशी ते अगदी पोकळ वाटलं. सर ऐकून घेत होते. मुलाणी मॅडम तिथं असत्या तर काय म्हणाल्या असत्या, हे मला आजही सुचत नाही.

मनीषा कात्रजला गेली. जुलैच्या परीक्षेला बसली नाही. पुढं तिचं काय झालं ते सरांना कळत असावं, पण त्यांनी मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यानंतर रविवारी स्टँडवर भेटलं की सर पावसापाण्याचं बोलायचे, माझ्या मुलाची चौकशी करायचे. वर्गातलं काही सांगायचे नाहीत. मग त्यांचं बाजाराला येणंही कमी झालं.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते निवडणुकीच्या ट्रेनिंगला वेल्ह्याला गेले होते तेव्हा. ट्रेनिंग लवकर सुटलं. दुपारची वेळ होती, येताना शाळेपाशी उतरले. विचार केला, सरांना भेटून पुढची एसटी धरू. पाऊस सरत आला होता, दिवाळीला अजून अवकाश होता. व्हरांड्यात शिरले तोच दहावीच्या वर्गातून त्यांचा आवाज आला. भरभर, एका सुरात, मध्ये श्वास न घेता. व्याख्या, सूत्र, बोर्डाला येणारा प्रश्न, त्याचे गुण. मग एक नाव घेतलं. बाक वाजला. दुसरं नाव. बाक वाजला. "बस खाली. पुढं."

मी खिडकीशी उभी राहिले. फळ्यावर शेवटचा धडा होता. मुलं खाली मान घालून उतरवून घेत होती. सगळ्यांचे पेन एकदम चालले होते. सरांना मी दिसले. त्यांचं बोलणं थांबलं नाही, फक्त आवाज थोडा खाली आला. तास संपेपर्यंत त्यांनी खिडकीकडं परत बघितलं नाही.

घंटा झाल्यावर बाहेर आले. हात खडूनं माखलेले. खूप थकलेले दिसले मला. "या मॅडम, कदी आलात?" म्हणाले. घरचं विचारलं, मुलगा कितवीत गेला विचारलं. चहा सांगतो म्हणाले, मी नको म्हटलं. मग न विचारताच म्हणाले, "यंदा समदी पास व्हतील. मागच्या साली पन झाली." मी म्हणाले, "चांगलं झालं सर." दुसरं काय म्हणणार होते? ते खोटं नव्हतं. तिथल्या दहावी पास झालेल्या पोरी शिक्षण सोडत नव्हत्या, पुढं भोरच्या कॉलेजात जात होत्या, ते मी स्वतः बघत होते. तरी बोलताना मी खिडकीतून आतल्या फळ्याकडं बघत होते आणि ते त्यांना दिसलं असणार.

पुढच्या तासाची मुलं व्हरांड्यातून आत चालली होती. सर बाजूला झाले, त्यांना वाट दिली. मग हळू आवाजात म्हणाले, "मुलाणी मॅडम भेटत्यात का कदी?"

"भेटतात. भोरला गेले की जाते त्यांच्याकडं. तुमचं नाव निघतं नेहमी."

"काय म्हनत्यात?"

"आपल्या बॅचमध्ये खरं बीएड एकट्या शिळीमकरांनी केलं, म्हणतात."

सर व्हरांड्याच्या फरशीकडं बघत राहिले. आतून मुलांची बाकं सरकल्याचा आवाज आला आणि मग वर्ग एकदम शांत झाला, सर यायची वाट बघत.

"त्यास्नी आजचं हे सांगू नका," ते म्हणाले. "लई कष्ट घेतले त्यांनी माझ्यावर."

आणि ते वर्गात गेले.